पूर आला नव्हता, धरण फुटलं होतं

माझी आजी 'पानशेतचा पूर' असं कधी म्हणायची नाही. ती म्हणायची, 'पानशेत फुटलं तेव्हा'. नारायण पेठेत नदीच्या अंगाला त्यांचं बिऱ्हाड होतं. १२ जुलै १९६१ ला धाकट्या काकाला कडेवर घेऊन ती अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडली. पाणी ओसरल्यावर परत आली, तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि त्यात एक पितळी पातेलं. त्या पातेल्याच्या काठाच्या वळणात गेलेला चिखल चिंच लावून, राख लावून घासला तरी निघाला नाही. वाळून त्याची काळी रेघ झाली. पातेलं आता माझ्याकडे आहे, रेघेसकट.

हे आज लिहायचं कारण असं, की मे महिन्यात मुलीकडे पिट्सबर्गला होते आणि तिथून गाडीने दीडेक तासावर असलेलं जॉन्सटाउनच्या महापुराचं राष्ट्रीय स्मारक बघून आले. आल्यापासून डोक्यातून जात नाही.

मला वाटलं होतं, बाग असेल, मधोमध एखादा खांब, त्यावर नावं. तसं काहीच नाही. स्मारक गावात नाहीच मुळी. गावापासून चौदा मैल वर, डोंगरात, जिथे धरण होतं तिथे आहे. म्हणजे धरणच स्मारक आहे, फुटलेलं धरण. मातीच्या भरावाची दोन टोकं अजून उभी आहेत, त्यांच्यावर गवत वाढलंय. टोकावर जाऊन उभं राहिलं की समोर नुसती पोकळी, पलीकडे दुसरं टोक, आणि खाली एवढासा ओढा. आम्ही उभे होतो तेव्हा खालून एक मालगाडी गेली. जिथे तलावाचं पाणी होतं तिथे आज रूळ आहेत, रस्ता आहे, गाव वसलंय.

धरणाची गोष्ट सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पेनसिल्व्हेनिया सरकारने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी ते बांधलं, १८५३ मध्ये काम संपलं. तोवर रेल्वे आली, कालवा निकामी झाला, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकाने तळातले पाणी सोडायचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. मग १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनाढ्यांच्या मासेमारी-शिकारीच्या क्लबसाठी ते घेतलं गेलं. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन हे सगळे या क्लबाचे सभासद. त्यांना उन्हाळ्यात होड्या फिरवायला तलाव हवा होता. नळ परत बसवले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून भराव दोन-तीन फुटांनी खाली घेतला. आणि सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, जाळ्या लावल्या.

तो सांडवा आम्ही चालत पाहिला. तिथल्या रेंजरबाईंनी तळहात आडवा धरला, मध्ये किंचित वाकवला आणि म्हणाल्या, माथा असा मध्येच खचला होता. मातीच्या धरणावरून पाणी जाता कामा नये, गेलं तर मधूनच जाणार आणि माती घेऊन जाणार. बस, एवढंच. हाताच्या एका वाकण्यात मला सगळं कळलं.

३१ मे १८८९ ला आदल्या रात्रीपासून मुसळधार पाऊस होता. क्लबचे अध्यक्ष एलायस उंगर यांनी सकाळपासून माणसं लावली. भराव उंच करून पाहिला, दुसरा चर खणून पाहिला. जाळ्या काढायला गेले तर त्या काटक्या-कचऱ्याने घट्ट बसलेल्या. दुपारी तीनच्या सुमाराला धरण गेलं. दोन कोटी टन पाणी वाटेतली गावं, झाडं, रेल्वेची इंजिनं, एका कारखान्यातली मैलोगणती काटेरी तार घेऊन तासाभरात जॉन्सटाउनवर आलं. रेल्वेच्या दगडी पुलापाशी तो ढिगारा अडला आणि पेटला. पाण्यातून वाचलेली माणसं तिथे आगीत गेली. एकूण मेले २,२०९. त्यातल्या ७७७ जणांची ओळख पटली नाही. गावाच्या वर ग्रँडव्ह्यू दफनभूमीत त्यांचे संगमरवरी दगड रांगेने उभे आहेत, एकावरही नाव नाही. तिथे मी फार वेळ थांबू शकले नाही.

आणि कोर्टात काय झालं? लोकांनी दावे लावले. क्लबकडून कुणाला एक पैसा वसूल झाला नाही. ही देवाची करणी, असं ठरलं.

मात्र १९६४ मध्ये राष्ट्रीय स्मारक करायची वेळ आली तेव्हा जागा निवडली ती धरणाची. मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे. गावात स्मारक केलं असतं तर लोक फुलं वाहून, हळहळून परत गेले असते. धरणावर नेऊन उभं केलं की माणूस आपसूक विचारतो, हे फुटलं कसं? मग नळ, माथा, जाळ्या, मालक, सगळं सांगावंच लागतं. तिथे ते क्लबच्या नावासकट सांगतात.

आपल्याकडे पुण्यात पाणी कुठवर आलं होतं हे जुनी माणसं बोट दाखवून सांगतात. लकडी पूल बुडाला होता, हेही सगळ्यांना ठाऊक. पण का आलं? धरणाचं काम पुरं झालेलं नव्हतं, धरणातलं पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं, आणि तरी त्या पावसाळ्यात पाणी अडलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी पानशेत गेलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरण गेलं. चौकशीला आधी बावडेकर आयोग, मग नाईक आयोग. यातलं किती आपण मुलांना सांगितलं? लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्या पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या, हे तिथे वाढलेल्या कितीतरी मुलांना माहीत नसतं. पानशेतला आपण जातो ते पावसात भजी खायला आणि बोटीत बसायला. मीही गेले आहे.

पानशेत श्रीमंतांच्या करमणुकीसाठी नव्हतं, हे मला मान्य आहे. ते शहराच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी होतं, आणि पुन्हा बांधलेल्या त्याच धरणाचं पाणी आज मी पिते. बांधणारे वाईट होते असं मी म्हणत नाही. पण 'पूर' म्हटलं की दोष पावसाकडे जातो आणि 'फुटलं' म्हटलं की प्रश्न माणसांकडे येतो. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

हे जुनं उकरून काय मिळणार, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसच्या आसपास माणसं वाहून गेली. गळती असल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते. आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण दिलं, खेकड्यांनी धरण पोखरलं. १८८९ साली देव, २०१९ साली खेकडे. मला हे ऐकून तेव्हाही संताप आला होता, आणि त्या गवताळ भरावावर उभी असताना पुन्हा आला.

मला पानशेतच्या धरणाशेजारी अशी एक जागा हवी आहे. मोठं काही नको. मोरीचा नकाशा, त्या रात्रीचा तासातासाचा हिशोब, आयोगाने काय म्हटलं ते साध्या मराठीत, आणि गेलेल्यांची नावं. पाठ्यपुस्तकातला धडा नको, सहल तिथे न्या. जॉन्सटाउनला दर ३१ मे ला २,२०९ दिवे लावतात, प्रत्येकासाठी एक. आपल्याला दिवे लावायचे म्हटलं तर किती लावायचे इथपासून सुरुवात आहे.

म्हणून विनंती. तुमच्या घरातलं, वाड्यातलं, आळीतलं कुणी एकसष्ट साली गेलं असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आज विचारा. नाव, पेठ, वय, आठवेल तेवढं लिहून ठेवा. आमच्या वाड्यात पलीकडच्या खोलीतल्या काकू निघाल्या होत्या, पण देवघरातला बाळकृष्ण राहिला म्हणून परत आत गेल्या. आजी त्यांना 'पलीकडच्या काकू'च म्हणायची. त्यांचं नाव मी तिला कधी विचारलं नाही.