‘आमच्या पोरींना हे खूळ कशाला?’ विचारणाऱ्या कुडाळकर पालकांना उत्तर

नमस्कार.

‘एक कुडाळकर पालक’ अशी सही करून तुम्ही माझ्या इंग्रजी साहित्य शिकवण्यावरच्या मागच्या लेखाखाली लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमच्या शेवटच्या दोन ओळी वरच्या सगळ्या मजकुरापेक्षा महत्त्वाच्या आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या शेजारची मुलगी मस्कतला वाढली. तिथल्या शाळेत केंब्रिजच्या ए लेव्हल या अकरावी-बारावीसारख्या अभ्यासक्रमाचा पहिला टप्पा, म्हणजे एएस, तिने पूर्ण केला आणि घरच्या अडचणीमुळे आईबरोबर गावी परत आली. वडील अजून तिकडेच आहेत. बाकीच्या विषयांना ऑनलाइन शिकवणी मिळाली, इंग्रजी साहित्याला मिळेना. मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे, म्हणून ती वर्षभर माझ्या पडवीत येऊन बसली. त्या वर्षाबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, जिथे मुलांना चार वाक्यं धड इंग्रजीत बोलता येत नाहीत तिथे साहित्य ही पैसेवाल्यांची चैन आहे; कवितेची चिरफाड करून उरतं काय; आणि ‘मत’ लिहायच्या परीक्षेत मार्क म्हणजे तपासणाऱ्याची मर्जी. शिवाय अशा मुली मराठीला पारख्या होतात.

पैशाचं आधी मान्य करून टाकते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. परीक्षेची फी, पुस्तकं, परीक्षेसाठी मुंबईला जाऊन राहणं, हे सगळं तिच्या वडिलांचा पगार तिकडचा होता म्हणून झेपलं. हे मी मागच्या लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. ए लेव्हल आपल्याकडे बारावीच्या तोडीचं धरलं जातं, पण किती विषय आणि कोणते, याच्या अटी असतात. पुढे जिथे प्रवेश घ्यायचा तिथे त्या आधीच विचारून घ्याव्या. माझा लेख वाचून कोणी घाईने निर्णय घेऊ नये.

आता चिरफाडीबद्दल. हा शब्द मला लागला, कारण चिरफाड मी स्वतः भोगली आहे. मी बारावीला असताना कवितेचा ‘संदेश’ आम्हाला फळ्यावरून उतरवून दिला जायचा. कवी निसर्गप्रेमी आहे, कवी आशावादी आहे. तेच घोकलं, तेच लिहिलं, गुणही चांगले पडले. पण वर्षभरात एकही कविता वर्गात कोणी मोठ्याने वाचली नाही. कवितेचा आनंद जातो तो तिथे. तिचे शब्द बाजूला ठेवून आपण फक्त तात्पर्य मागतो.

ही मुलगी पहिला निबंध घेऊन आली तेव्हा तिच्याही वहीत तेच होतं, फक्त जास्त सफाईदार इंग्रजीत. आम्ही शेक्सपिअरच्या मॅकबेथमधला खुनाच्या रात्रीचा प्रवेश वाचत होतो. ते नाटक तिच्या परीक्षेला नव्हतं, पण नाटक ऐकायचं कसं हे कळावं म्हणून आधी ते घेतलं. तिने लिहिलं होतं, ‘नाटककाराने भीतीचं वातावरण अत्यंत प्रभावीपणे निर्माण केलं आहे.’ मी ‘प्रभावीपणे’खाली रेघ मारली आणि बाजूला एकच शब्द लिहिला: कशाने?

दुसऱ्या दिवशी ती मोठ्याने वाचायला लागली. खून करून मॅकबेथ बाहेर येतो आणि नवराबायकोची वाक्यं तुटायला लागतात. ‘केव्हा?’ ‘आत्ता.’ एकेका शब्दाची बोलणी. पुढे बायको आत जाते, तो एकटा उरतो आणि बाहेरून दार वाजतं. छापील पुस्तकात तिथे नुसती रंगसूचना असते. तिने ती वाचली नाही, बाकावर बोटांच्या पेरांनी ठोकलं. थोडं वाचून पुन्हा ठोकलं. तिसऱ्या वेळी माझ्या सासूबाई माजघरातून ओरडल्या, ‘गे, दार कोण वाजयता बघ!’

मुलगी वाचायची थांबली. मिनिटभर काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मावशी, खून तर आपल्याला दिसतच नाही. आपल्याला ऐकू येतं ते दार. आणि दार वाजलं की घरातल्या माणसाला उठावंच लागतं.’ त्या रात्री तिने निबंध पुन्हा लिहिला. ‘प्रभावीपणे’ हा शब्द त्यात नव्हता. तुटलेली वाक्यं होती, आतबाहेरच्या हालचाली होत्या, आणि भीती बाहेरच्या आवाजातून रंगमंचावर कशी येते हे ओळीओळीने दाखवलेलं होतं. आता ते नाटक तिला कोणी विसरायला सांगितलं तरी ती विसरणार नाही. याला तुम्ही चिरफाड म्हणाल का? आपण मराठीच्या पेपरात याला रसग्रहण म्हणतो.

मर्जीच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. ए लेव्हलच्या इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत चार पेपर असतात, दोन एएसला आणि दोन पुढे. प्रत्येक दोन तासांचा, प्रत्येकात दोनच उत्तरं, एकेक 25 गुणांचं. पुस्तक आत नेता येत नाही. उताऱ्यावरचा प्रश्न घेतला तर उतारा छापून देतात, बाकी सगळं डोक्यात हवं. उत्तर कशावर तपासणार हे आधीच जाहीर असतं: कृतीचं ज्ञान, भाषेचं आणि रचनेचं विश्लेषण, वैयक्तिक प्रतिसाद, मांडणी, आणि दुसऱ्या टप्प्यावर इतरांच्या मतांचा परामर्श. वैयक्तिक प्रतिसाद ही त्यातली एक अधिकृत कसोटी आहे, हे मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. सतरा वर्षांच्या मुलीला तिथे विचारतात, तुला काय वाटलं, आणि लगेच पुढचं विचारतात, कुठल्या शब्दामुळे वाटलं. मत परीक्षकापेक्षा वेगळं आहे म्हणून गुण जात नाहीत. मताखाली आधार नसला की जातात. तपासणारा माणूसच असतो, चूक कुठेही होऊ शकते, पण याला मर्जी म्हणता येणार नाही.

तुम्ही निकाल विचारलात. तो ऑगस्टमध्ये आहे. काय लागेल ते लागो, मी वरचं एकही वाक्य बदलणार नाही.

‘धड बोलता येत नाही तिथे साहित्य’ हा मुद्दा मी बावीस वर्षं स्टाफरूममध्ये ऐकला. माझा अनुभव उलटा आहे. आपल्या बारावीच्या इंग्रजीत 80 गुण लेखी आणि 20 तोंडी. तोंडीला पाठ केलेली ओळख सांगताना ततपप करणारी मुलं एखाद्या गोष्टीतल्या बाईने घर सोडलं ते बरोबर की चूक यावर वर्गात भांडायला उठायची. मोडकंतोडकं इंग्रजी, मध्ये मध्ये मालवणी, पण बोलायची. कारण बोलण्यासारखं काहीतरी त्यांच्याकडे असायचं. व्याकरण मी नंतर दुरुस्त करत असे.

आणि आपली मुलं या विषयाला रिकाम्या हाताने येत नाहीत, हे तर मला या वर्षी नव्याने कळलं. एका कवितेत प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच ओळ येत होती. ‘परिणाम वाढवण्यासाठी’ असं तिने लिहिलं. मी तिला विचारलं, ‘देवळात गाऱ्हाणं ऐकलंस ना? त्यात व्हय म्हाराजा शेवटी एकदाच म्हटलं तर?’ तिने विचार केला आणि म्हणाली, ‘मग ते मागणं गाऱ्हाणं घालणाऱ्या एकट्याचंच राहील. दर वेळी सगळे व्हय म्हणतात म्हणून ते गावाचं होतं.’ मग त्या कवितेकडे परत गेलो आणि पाहिलं की ती ओळ दर कडव्यानंतर तीच असली तरी तिचा अर्थ तोच राहत नाही, कारण आधीचं कडवं बदललेलं असतं. हे कुठल्याही गाईडात नव्हतं.

दशावताराचंही तसंच. शेक्सपिअरच्या काळात बायकांच्या भूमिका मुलगे करायचे, हे मस्कतला तिने टिपण म्हणून उतरवून घेतलं होतं. गावच्या जत्रेत रात्री एक वाजता तिने पेटीच्या आणि पखवाजाच्या तालावर एका पुरुषाला राणी म्हणून रडताना पाहिलं, शेजारच्या बायकांना पदराने डोळे पुसताना पाहिलं, तेव्हा ते टिपण तिला समजलं. रंगमंचावर एक बाक. त्यालाच सिंहासन म्हणायचं हे सगळ्यांनी मनोमन कबूल केलेलं. संवाद लिहिलेले नाहीत, नट ऐनवेळी बोलतात. नाटक प्रेक्षकाच्या होकारावर उभं असतं, हे आमच्याकडच्या मुलाला लहानपणापासून माहीत असतं. हे आपलं जाणणं मोठ्या परीक्षेत चालतं, एवढंच त्याला कोणीतरी सांगायला हवं. मुंबईतल्या महागड्या शाळेतल्या मुलाइतकाच आपल्या मुलांचा त्यावर हक्क आहे. मी हा विषय धरून बसले आहे ती यासाठी.

मराठीला पारखं होण्याबद्दल. तुमची काळजी खोटी नाही. घरात मराठी बंद करून इंग्रजीचा दिवा लावणारी कुटुंबं मीही पाहते आणि मला त्याचा त्रास होतो. पण साहित्य नीट वाचल्याने हे होत नाही. देवगड तालुक्यात जन्मलेले विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी किंग लिअर मराठीत आणलं, आणि मराठीला 2003 सालचं ज्ञानपीठ मिळालं ते त्यांच्यामुळे. मालगुंडच्या केशवसुतांनी इंग्रजीतला चौदा ओळींचा सॉनेट वाचला आणि मराठीत सुनीत रुजवलं. ही मुलगी पेपरला गेली ती तुतारी एक्सप्रेसने. गाडीला ते नाव 2017 मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून दिलं, हे तिला माहीत नव्हतं. कुडाळ स्टेशनवर मी सांगितलं, तर दादरला उतरेपर्यंत तिने फोनवर ती कविता दोनदा वाचली होती आणि एका कडव्यावर मला लांबलचक मेसेज केला होता. मराठीत.

आयबी डिप्लोमा या ए लेव्हलसारख्याच दुसऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात तर मातृभाषा सोबत ठेवायची सोयच आहे, आणि ती पालकांना फारशी माहीत नसते. तिथे साहित्याच्या वरच्या स्तराला 13 कृती वाचाव्या लागतात आणि त्यातल्या किमान 4 अनुवादित असाव्या लागतात. म्हणजे ‘इंग्रजी साहित्य’ असं नाव असलं तरी जग एका भाषेचं नाही, हे अभ्यासक्रमातच धरलेलं आहे. ज्या मातृभाषेला शाळेत शिक्षक नाही तिचं साहित्य विद्यार्थ्याला शाळेच्या मदतीने, स्टँडर्ड स्तरावर, स्वतः अभ्यासता येतं. इंग्रजीबरोबर अशी दुसरी भाषाही साहित्य म्हणून घेऊन दोन्हींत पुरेशी श्रेणी मिळवली, तर द्वैभाषिक डिप्लोमा मिळतो. ज्यांची मुलं पुण्यामुंबईच्या अशा शाळांत आहेत त्यांनी मराठीसाठी शाळेकडे जरूर विचारणा करावी. बहुतेक जण विचारतच नाहीत.

आता तुमच्या शेवटच्या दोन ओळी. ‘माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तुमचे लेख वाचून रात्री दोन दोन वाजेपर्यंत कादंबऱ्या वाचते आणि आर्ट्सला जाईन म्हणते, असलं खूळ आमच्या पोरींना कशाला लावता?’

मी तिला सायन्स सोड असं सांगणार नाही. मी तिला ओळखत नाही आणि तो निर्णय तुमच्या घराचा आहे. पण जी मुलगी अभ्यासाच्या ओझ्यातून वेळ काढून रात्री दोनपर्यंत वाचते, तिच्या त्या वाचण्याला खूळ म्हणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिला एकदा विचारा, काय वाचतेस? नुसतं नाव नको, एक पान वाचून दाखव म्हणा. तुम्हाला इंग्रजी येवो न येवो, ऐका. माझ्या सासूबाईंना येत नाही, आणि त्या दिवशी आम्हा दोघींच्या आधी त्यांनाच दार ऐकू आलं.

शनिवारी दुपारी तीनला माझ्या पडवीत चारपाच मुलं जमतात. सगळी इथल्याच कॉलेजांतली, ए लेव्हलचं त्यात कोणी नाही. कधी इंग्रजी कविता असते, कधी मराठी. फी नाही आणि पुस्तकं माझ्याकडे आहेत. तिला घेऊन या, आणि सोडून परत जाऊ नका, तुम्हीही बसा. ईमेल केलात की पत्ता कळवते. सध्या पाऊस जोरात आहे आणि साकवावरून पाणी जातंय, तेव्हा वरच्या रस्त्यानेच या.