बंदी विक्रीवर आहे हो, माझ्या गाडीवर नाही!

"बंदी येतेय, तुझी गाडी आता भंगारात!" ऐकून ऐकून कान किटले. प्लग-इन हायब्रिड (केबलने चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल, दोन्हींवर चालणारी गाडी) घेतल्यापासून जो भेटेल तो हेच ऐकवतो. अरे, बंदी इंधनावर चालणाऱ्या नव्या गाड्यांच्या विक्रीवर आहे; आहे ती चालवायला कोण अडवतंय? आणि तारीख तरी एक ठेवा! ब्रिटनने नुसत्या पेट्रोल-डिझेलच्या नव्या गाड्यांसाठी २०३० ठरवलं, २०२३मध्ये ते २०३५वर नेलं, मग परत २०३०. हायब्रिडला २०३५पर्यंत मुभा. सामान्य माणसाने दहा वर्षांचा हिशेब मांडायचा कशाच्या जोरावर?

पण खरा संताप वेगळाच आहे. मी रोज रात्री, पाऊस असो की थंडी, चिखलाने माखलेली केबल उलगडून गाडी चार्जिंगला लावते. रोजची ये-जा बॅटरीवरच होते. आणि कित्येक जण केबल पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नाहीत, पेट्रोलवरच गाडी पळवतात! युरोपीय आयोगाच्या २०२४च्या अहवालात या गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. मग "हायब्रिड म्हणजे निव्वळ धूळफेक" हे बोलणं खायचं आम्ही, इमानेइतबारे रोज केबल लावणाऱ्यांनी!