‘फुकटच्या घरांनी राज्य बुडवले’ : एका संदेशाचा प्रतिवाद

नवी मुंबईत नेरुळला असलेल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर एकच संदेश पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या सभासदांनी पाठवला. ठाण्यात राहणाऱ्या मेहुण्याकडूनही तोच आला, तेव्हा तो सगळीकडे फिरत असावा हे लक्षात आले. त्याचा आशय थोडक्यात असा : महाराष्ट्रावर ९ लाख कोटींहून अधिक कर्ज आहे, म्हणजे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर ७० हजार रुपयांचा बोजा आहे, हा बोजा फुकट घरे वाटण्यासारख्या योजनांनी वाढला, ही घरे ‘आपल्या’ करातून बांधली जातात आणि मिळालेली माणसे ती विकून पुन्हा झोपडीत जातात, तेव्हा घरातली बाई जशी अंथरूण पाहून पाय पसरते तसे सरकारने करावे आणि सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ), म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण), पंतप्रधान आवास हे सगळे बंद करावे.

संदेशातला पहिला आकडा खोटा नाही, हे आधीच मान्य करतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्ज वर्षअखेरीस ९.३२ लाख कोटी रुपयांवर जाईल असा अंदाज होता आणि लोकसंख्येने भागले तर डोईमागे ७० हजारांच्या वरच रक्कम येते. मात्र हा भागाकार अर्धवट सोडलेला आहे. ज्या माणसाच्या डोक्यावर ७० हजार टाकले, त्याचे राज्याच्या हिशेबातले दरडोई वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या वर आहे, आणि राज्याच्या एकूण सकल उत्पन्नाशी तुलना केली तर कर्जाचे प्रमाण त्या अंदाजात १९ टक्क्यांच्या आत होते. राज्यांसाठी साधारणपणे २५ टक्क्यांची मर्यादा धरली जाते. घरखर्चाचीच उपमा द्यायची, तर आमच्या गटातल्या ज्या तरुण सभासदाने उलव्यात घर घेतले आहे, त्याच्या डोक्यावर वार्षिक पगाराच्या पाचपट गृहकर्ज आहे. त्याच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे जेवून आलो आणि तो बुडाला असे कोणी म्हटले नाही.

अर्थात उपमा माझ्या सोयीची झाली म्हणून मी ती ताणणार नाही. राज्याचे उत्पन्न म्हणजे सरकारचे उत्पन्न नव्हे; सरकारच्या हाती त्यातला कराचा वाटाच येतो. केंद्राचे पाहिले, तर २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात महसुली जमा सुमारे ३४.२ लाख कोटी आणि त्यातून द्यावयाचे व्याज १२.७६ लाख कोटी होते, म्हणजे जमा होणाऱ्या तीन रुपयांतला एकाहून अधिक रुपया व्याजात जातो. हे प्रमाण चिंता करण्यासारखेच आहे. फक्त एक गोष्ट संदेश सांगत नाही, ती ही की हे व्याज जाते कुठे. सरकारी रोखे प्रामुख्याने देशातल्या बँका, विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्याकडे असतात. ठेवींचा ठरावीक हिस्सा अशा सुरक्षित कर्जरोख्यांत ठेवणे बँकांना, नागरी सहकारी बँकांनाही, बंधनकारक आहे. आमच्या गटातले निवृत्त सभासद आयुर्विम्याच्या पॉलिसीवर आणि मुदत ठेवीवर ज्या निश्चिंतपणे विसंबतात, त्या निश्चिंतपणाच्या दुसऱ्या टोकाला हेच सरकारी कर्ज उभे असते. त्यामुळे ‘प्रत्येकाच्या डोक्यावर बोजा’ हे वाक्य पुरे करायचे, तर ‘आणि अनेकांच्या खिशात ठेव’ असेही लिहावे लागेल. खिसा आणि डोके नेहमी एकाच माणसाचे नसते, हा खरा प्रश्न आहे, पण तो संदेशाने विचारलेला नाही.

आता घरांनी सरकारी कर्ज किती वाढवले ते पाहू. पंतप्रधान आवास ही केंद्राची योजना, म्हणून आकडे केंद्राचे घेतो. केंद्राच्या त्याच अंदाजपत्रकातला एकूण खर्च ५०.६५ लाख कोटींचा होता. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी ५४,८३२ कोटी आणि शहरी भागासाठी १९,७९४ कोटी ठेवले होते. दोन्हींची बेरीज एकूण खर्चाच्या दीड टक्क्याच्या आसपास येते. खर्चाच्या रुपयात मोजायचे, तर व्याजाला पंचवीस पैसे आणि घरांना दीड पैसा. त्या दीड पैशातला मोठा वाटा खेड्यातल्या कच्च्या घरांच्या जागी पक्की घरे उभी करण्यासाठी आहे, आणि ज्या सभासदाने हा संदेश सर्वांत आधी पाठवला, त्याच्या साताऱ्याकडच्या गावातही अशी घरे झाली असतील.

‘फुकट’ हा शब्द तपासण्यासाठी लांब जायची गरज नाही. सिडकोने २०२४ च्या ऑक्टोबरात सुमारे २६ हजार घरांची योजना जाहीर केली आणि जानेवारी २०२५ मध्ये किमती सांगितल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी तळोज्यातले सर्वांत स्वस्त घर सुमारे २५ लाखांचे निघाले आणि वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळचे अल्प उत्पन्न गटाचे घर ७४ लाखांचे. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकाच्या अशा घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे एकूण अडीच लाखांचे अनुदान मिळते. पंचवीस लाखांतले अडीच लाख सरकारचे, उरलेले साडेबावीस लाख कर्ज काढून त्या कुटुंबाचे, आणि हे कुटुंब वर्षाला सहा लाखांच्या आत कमावणारे. किमती उतरवाव्यात म्हणून अर्जदारांना रस्त्यावर उतरावे लागले, यावरून ‘फुकट’ या शब्दाची लायकी कळावी. झोपडपट्टी पुनर्वसनातली घरे जुन्या पात्र झोपडीधारकाला खरोखर मोफत मिळतात, हे खरे. पण त्यांचा खर्च अर्थसंकल्पातून होत नाही, तर विकासकाला त्याच जमिनीवर विक्रीसाठी मिळणाऱ्या वाढीव चटईक्षेत्रातून, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीतून निघतो. त्या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत, पण राज्याचे कर्ज वाढवणे हा त्यांतला नाही.

‘आपल्या करातून’ या मुद्द्यावर मात्र मला थोडे थांबायचे आहे, कारण नवी मुंबईत राहून हे वाक्य उच्चारायला विशेष धैर्य लागते.

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. राज्य सरकारने तिला भागभांडवल म्हणून अवघे चार कोटींच्या आत दिले. एवढ्या पैशात शहर उभे राहत नाही. शहर उभे राहिले ते जमिनीवर. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतल्या ९५ गावांची भातशेती, मिठागरे आणि गावठाणांभोवतालच्या जागा संपादित झाल्या, त्यांवर रस्ते व गटारे टाकली गेली, विकसित भूखंड विकले गेले आणि त्या विक्रीच्या पैशातून पुढचे रस्ते, पुढची उपनगरे आणि अल्प उत्पन्न गटांची घरे उभी राहिली. म्हणजे वाशीतल्या एखाद्या व्यापारी भूखंडाच्या लिलावाने नेरुळ, कोपरखैरणे, ऐरोली इथल्या लहान घरांची किंमत आवाक्यात ठेवली. या साखळीत करदात्याचा वाटा नाममात्र आहे. वाटा आहे तो आगरी-कोळी शेतकऱ्यांचा, ज्यांना जमिनीचा मोबदला इतका तुटपुंजा मिळाला की जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. या शहरात कोणी कोणाला अनुदान दिले असेल, तर ते त्या गावांनी इथे येऊन राहणाऱ्या आम्हा सर्वांना दिले.

आम्हा सर्वांना, असे मी मुद्दाम म्हणतो. संदेश वाचून झाल्यावर मी कपाटातून वडिलांची जुनी फाइल काढली. तिच्यात सिडकोचे टंकलिखित वाटपपत्र आहे, त्याला गंजलेल्या टाचणीने जोडलेल्या हप्त्यांच्या पावत्या आहेत आणि वरच्या पानावर ‘भाडे-खरेदी’ हा शब्द आहे. दोन खोल्यांचे घर, मोरीला लागून छोटे स्वयंपाकघर, आणि हप्ता एका गिरणी कारकुनाला झेपेल एवढा. वडिलांनी एकही हप्ता चुकवला नाही आणि त्याचा त्यांना योग्य अभिमान होता. पण ज्या दराने ते घर त्यांना मिळाले त्या दराने बाजारात एक खोलीही मिळाली नसती, हेही ते मोकळेपणाने सांगत. आमच्या संस्थेतल्या जवळपास प्रत्येक घराची फाइल अशीच आहे. आज त्याच घरांच्या पुनर्विकासाच्या वाटाघाटी चालू आहेत आणि प्रत्येक सभासदाला मिळणारे वाढीव क्षेत्रफळ हेही सार्वजनिक जमिनीवर शासनाने मंजूर केलेल्या चटईक्षेत्राचेच फळ आहे.

जी घरे सिडकोची नाहीत, ती तरी अनुदानमुक्त आहेत काय? जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजात वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा त्यात दरवर्षी साठ हजारांचा कर वाचतो. पाच वर्षांत तीन लाख, म्हणजे तळोज्याच्या त्या कुटुंबाला आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या अडीच लाखांहून अधिक. याखेरीज पंतप्रधान आवास योजनेतच काही वर्षे मध्यम उत्पन्न गटाला, वार्षिक १८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, व्याजाची सवलत मिळत होती आणि ती आमच्या परिसरातल्या अनेकांनी रीतसर घेतली. त्यांनी काही चूक केली असे माझे म्हणणे नाही. पण पगारदाराला मिळते ती ‘वजावट’ आणि रिक्षाचालकाला मिळते ते ‘फुकट’, ही विभागणी शब्दकोशात कुठे सापडत नाही.

घरे विकून पुन्हा झोपडीत जाण्याचा आरोप थोडक्यात उरकतो. असे होते. तळोज्यात किंवा कळंबोलीच्या पलीकडे घर मिळालेल्या घरकामगार बाईची कामे वाशीत असतील, तर ती ते घर भाड्याने देऊन तुर्भ्यात राहील, आणि तिच्या जागी मीही तेच केले असते. दोष घर दिल्याचा नाही, कामापासून लांब दिल्याचा आहे. प्रमाणाविषयी लोकांची समजूत कशी असते, याचा एक दाखला ब्रिटनमधला आहे. तिथे २०१३ च्या एका जनमत पाहणीत सरकारी भत्त्यांच्या दर शंभर पौंडांतले किती लबाडीने लाटले जातात असे विचारता लोकांनी सरासरी २४ पौंड सांगितले. सरकारी अंदाज होता ७० पेन्सचा. आपल्याकडे अशी पाहणी घेतली तर उत्तर फार वेगळे येईल असे मला वाटत नाही.

राहता राहिला हात आखडता घेण्याचा सल्ला. घरात बाईने खर्च कमी केला तर नवऱ्याचा पगार घटत नाही, म्हणून शिल्लक पडते. सरकारने खर्च कमी केला की कुणाचा तरी पगार, कुणाचे तरी बिल थांबते, त्याची खरेदी थांबते आणि सरकारचा करही घटतो. ग्रीसने २००९ नंतर कर्जदात्यांच्या अटींनुसार कठोर काटकसर केली. अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली आणि कर्जाचे प्रमाण १२७ टक्क्यांवरून पाच वर्षांत १८० टक्क्यांच्या आसपास गेले. ब्रिटनने २०१० मध्ये परवडणाऱ्या घरांच्या बांधणीचा निधी निम्म्याहून अधिक कापला, आणि २०२३-२४ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक संस्थांना बेघर कुटुंबांच्या केवळ तात्पुरत्या निवाऱ्यावर दोन अब्ज पौंडांहून अधिक खर्च करावा लागला. ग्रीसकडे स्वतःचे चलन नव्हते आणि महाराष्ट्र हे देशातले एक राज्य आहे, त्यामुळे ही उदाहरणे जशीच्या तशी आपल्याला लागू होत नाहीत. पण कापलेला खर्च दुसऱ्या दाराने परत येतो, एवढे त्यांतून दिसते. आपल्याकडे पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज कापता येत नाही, म्हणून कात्री पहिल्यांदा बांधकामावर चालते. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातले शासकीय कंत्राटदार आंदोलनाला बसले होते, ते याच कात्रीखालचे लोक.

घरे बांधायचे थांबवले तर घरांची गरज थांबत नाही, याचा दाखला आमच्या आसपासच आहे. दिघ्यात एमआयडीसी आणि सिडकोच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ९९ बेकायदा इमारतींवर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारवाई सुरू झाली; त्यांत घरे घेणारे अनेक जण सिडकोच्या सोडतीत किंवा विकासकाच्या दरात न बसणारे होते. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याच्या शीळ भागात लकी कंपाउंडमधली परवानगीशिवाय बांधली जात असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली. वरचे मजले चढत असताना खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आलेली होती, कारण तेवढ्या भाड्यात जवळपास दुसरी जागा नव्हती.

या सगळ्याचा संक्षेप मी गटावर पाठवला. सचिवांनी उत्तर दिले की रविवारच्या सभेत बोलू. सभेची विषयपत्रिका काल आली आहे. पहिला विषय आहे : सिडकोची भाडेपट्ट्याची जमीन मालकी हक्काने करून घेताना भरावे लागणारे शुल्क शासनाने माफ करावे, यासाठी सर्व सभासदांच्या सह्यांचे निवेदन.