सर्नचं चुंबक पृथ्वीपेक्षा लाख पट, मग काय झालं? एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही आठवडे तोच मेसेज तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला, शेवटी आमच्या मामांनी पण पाठवला आणि खाली लिहिलं "तू यातलाच ना, खरं आहे का हे?" म्हणून बसलो लिहायला. मेसेज थोडक्यात असा: स्वित्झर्लंडच्या सर्नमधल्या (कणांवर प्रयोग करणारी युरोपची मोठी प्रयोगशाळा) मशिनची चुंबकं पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा १ लाख पट ताकदवान आहेत, ती चालू केली की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ओढलं जातं, त्यामुळे भूकंप होतात आणि पक्षी रस्ता चुकतात, ही चुंबकं कणांना खेचून वेग देतात आणि तो झोत सुटला तर अख्खं जिनिव्हा जाळेल, २००८ मध्ये तिथे दुसऱ्या जगाचं "दार" उघडलं होतं ते दाबून टाकलं, आणि पुरावा काय तर दारात नटराज बसवलाय.

आता एकेक घेऊ. पहिल्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवणार आहे कारण आमचा सगळा धंदाच त्यात आहे.

"१ लाख पट ताकदवान"

हा आकडा खोटा नाहीये, उलट कमीच सांगितलाय. एलएचसी म्हणजे मेसेजमधलं तेच मशिन, जमिनीखालच्या २७ किलोमीटरच्या गोल टनेलमधलं. त्याच्या डायपोल मॅग्नेटचं (कणांचा झोत वळवणारं चुंबक) डिझाइन फील्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्र, ८.३३ टेस्ला, आणि जिनिव्हाला पृथ्वीचं फील्ड साधारण ४७ मायक्रोटेस्ला, भागाकार केला की पावणेदोन लाखाच्या वर जातं. पण हे फील्ड आहे कुठे? ५६ मिलिमीटरच्या भोकात! म्हणजे चहाची बशी पण आत जाणार नाही एवढ्या जागेत. उदबत्तीचं टोक गावातल्या उन्हापेक्षा कितीतरी पट गरम असतं, म्हणून काय उदबत्ती लावली की गावात उन्हाळा येतो? हॉस्पिटलातलं एमआरआय ३ टेस्लाचं पण असतं, म्हणजे पृथ्वीच्या साठ-सत्तर हजार पट, आत जाताना मंगळसूत्र-घड्याळ सगळं काढायला लावतात आणि तेच बरोबर आहे, पण खालच्या मजल्यावर केसपेपरच्या लायनीत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातली किल्ली काय हलत नाही.

आणि मॅग्नेट डिझाइन करणाऱ्याची अर्धी मेहनत कशात जाते माहितीये का, फील्ड बाहेर जाऊ न देण्यात. बाहेर गेलेलं फील्ड म्हणजे फुकट गेलेला करंट. एलएचसीत दोन झोत उलट दिशांनी फिरतात, दोन्ही प्रोटॉनचेच, म्हणजे दोघांना एकाच बाजूला वळवायचं तर एका पाइपात फील्ड वर आणि शेजारच्या पाइपात खाली असं उलटंसुलटं लागतं. हे दोन्ही पाइप एकाच लोखंडी योकमध्ये (भोवतीच्या जाड कवचात) १९४ मिलिमीटर अंतरावर बसवलेत, आणि यातली गंमत अशी की एकाचं बाहेर पडणारं फील्ड दुसऱ्याचं बरंचसं खाऊन टाकतं. मी पाठकोऱ्या कागदावर हिशोब केला, लोखंड मुद्दाम धरलंच नाही, म्हणजे मेसेजवाल्याच्या बाजूने जरा झुकतं माप दिलं. मग १०० मीटर वर जमिनीवर एका पाइपचं फील्ड दीडेक मायक्रोटेस्ला येतं, आणि शेजारचा उलटा पाइप धरला की ते उतरतं पाच-दहा नॅनोटेस्लावर. पृथ्वीचं ४७ हजार नॅनोटेस्ला. सूर्यामुळे रोज सकाळ-दुपार पृथ्वीच्या फील्डमध्ये जो चढउतार होतो तोच वीस-तीस नॅनोटेस्लाचा असतो आणि पक्षी तो जन्मभर सहन करतात. वरून लोखंडाचा योक धरला तर उरलंसुरलं पण जवळजवळ गेलंच. आणि पृथ्वीचं फील्ड तयार होतं २,९०० किलोमीटर खाली वितळलेल्या लोखंडात, त्याला या टनेलचा पत्ता पण नाही.

(पाइपाच्या आतलं फील्ड दहा हजारात एक भाग इतपत सरळ लागतं, त्यासाठी कॉइलमधली प्रत्येक वायर केसाच्या जाडीपेक्षा कमी चुकीत बसवायची, आणि फील्ड चढलं की तीच कॉइल दर मीटरला शेकडो टनांच्या जोराने बाहेर फुटायला बघते, म्हणून तिला स्टेनलेस स्टीलच्या कॉलरने आवळून धरायचं. आमची झोप उडते ती यापायी, ध्रुव सरकतील म्हणून नाही.)

"त्यामुळे भूकंप होतात"

कोयनेचा भूकंप १९६७, किल्लारी १९९३. एलएचसीत पहिला झोत फिरला २००८ मध्ये. बरं ते सोडा, ऊर्जेचं बघू. सगळ्या डायपोल मॅग्नेटमध्ये मिळून साठलेली ऊर्जा साधारण १० गिगाज्यूल, ऐकायला भयंकर वाटतं, पण साध्या ५ रिश्टरच्या भूकंपात जमिनीच्या लाटांतून जी ऊर्जा बाहेर पडते ती याच्या दोनशे पटीच्या घरात जाते.

खरी गोष्ट बरोब्बर उलटी आहे आणि मला ती फार आवडते. मशिन जमिनीला हलवत नाही, जमीन मशिनला हलवते. याच टनेलमध्ये आधी एलईपी नावाचं मशिन होतं, इलेक्ट्रॉनवालं. तिथल्या लोकांना झोताच्या ऊर्जेत बारीक चढउतार दिसायचा आणि कारण सापडेना, शेवटी लक्षात आलं की चंद्र आहे. समुद्राला भरती येते तशी खडकाला पण येते, २७ किलोमीटरचा घेर जेमतेम १ मिलिमीटरने वाढतो-कमी होतो आणि तेवढं झोताला कळतं! मग अजून एक भानगड, दिवसभर मॅग्नेटच्या फील्डमध्ये खडखडाट आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत एकदम शांत. १९९५ मध्ये चोर सापडला, पॅरिसला जाणारी टीजीव्ही. रेल्वेचा गळका करंट जमिनीतून परत जाताना मशिनचा धातूचा पाइप धरून जायचा. ज्या मशिनला आगगाडी आणि चंद्र त्रास देतात ते म्हणे जपानला भूकंप पाठवतं.

"चुंबकं कणांना खेचून वेग देतात"

नाही देत, एक कणभर पण नाही. चुंबकाचा जोर कायम कणाच्या चालीला काटकोनात असतो, म्हणजे दिशा बदलते, वेग नाही. गोफण आठवा, दोरी दगडाला गोल फिरत ठेवते एवढंच, जोर लावतो तो हात. इथे हात म्हणजे आरएफ कॅव्हिटी (आतल्या विद्युत क्षेत्राने कणांना पुढे ढकलणारे धातूचे डबे), एका झोताला फक्त आठ, २७ किलोमीटरच्या वाटेवर एकाच जागी बसवलेल्या, आणि झोत सेकंदाला ११,२४५ वेळा त्यांच्यातून जातो. दर फेरीला प्रोटॉनला अर्धा मिलियन इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांच्या ऊर्जेचं माप) आसपास धक्का मिळतो, म्हणजे किरकोळच, पण वीस मिनिटं हे चालू ठेवलं की ४५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टवरून जवळजवळ ७ टेरा, म्हणजे ७ हजार गिगापर्यंत पोचतो. तेवढ्या वेळात १,२३२ डायपोलांचा करंट त्या ऊर्जेला धरूनच वर न्यावा लागतो, जरा मागेपुढे झालं की झोत पाइपला घासलाच. क्वाड्रुपोल वेगळे, ते झोत बारीक ठेवतात, पण त्यांची खोड अशी की आडवं दाबलं की उभं पसरतं, म्हणून एक असा एक तसा आळीपाळीने लावत जायचं आणि हिशोब बरोबर असला की दोन्हीकडून मिळून झोत आवळला जातो.

"झोत सुटला तर जिनिव्हा जाळेल"

इथे थोडं खरं आहे म्हणून नीट सांगतो. डिझाइनप्रमाणे एका झोतात ३६२ मेगाज्यूल, म्हणजे ८६-८७ किलो टीएनटी स्फोटकाएवढी ऊर्जा. आणि ती आहे किती मालात, तर अर्धा नॅनोग्रॅम प्रोटॉनमध्ये, डोळ्याला दिसणार नाही एवढं. हा झोत चुकीच्या जागी लागला तर तांबं वितळवेल, मॅग्नेटला भोक पाडेल, आणि ही भीती आम्हाला रोज असते. पण शहर? अहो चुंबक बंद पडलं की झोत सरळ जायला बघतो आणि सरळ गेला की आधी पाइपाची भिंत लागते, मग मॅग्नेटचं लोखंड, मग खडक, शंभरेक मीटर जमिनीखाली. जिनिव्हापर्यंत जायला तो काय उंदीर नाही बिळं करत जायला.

म्हणूनच टनेलभर हजारो लॉस मॉनिटर लावलेत, झोताचे चार कण जरी वाट सोडून पडले तरी ओरडतात. मग किकर मॅग्नेट झोताला बाजूला ढकलतात आणि तो वेगळ्या बोगद्यातून जाऊन ग्रॅफाइटच्या आठेक मीटर लांब ठोकळ्यात पडतो. हे सगळं दोन-तीन फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. त्यातही झोत एकाच ठिपक्यावर पडू नये म्हणून दुसरे मॅग्नेट त्याला जिलबीसारखा फिरवत ठोकळ्यावर पसरवतात, कारण एकाच जागी पडला तर ग्रॅफाइट पण टिकणार नाही. हे काम चुकून कधीतरी होत नाही बरं का, तर दर खेपेला काम संपलं की झोत असाच टाकून देतात.

"२००८ चं दाबून टाकलं"

तारीख १९ सप्टेंबर २००८. त्या वेळी मशिनमध्ये झोतच नव्हता, टेस्ट म्हणून मॅग्नेटचा करंट वाढवत होते, ९ हजार अँपिअरच्या जवळ. दोन मॅग्नेटमधला एक सोल्डरचा जॉइंट कच्चा होता. असे जॉइंट १० हजार आहेत, प्रत्येकाचा रेझिस्टन्स नॅनोओमच्या अंशात असायला हवा, याचा निघाला २२० नॅनोओम. म्हणजे तरीही जवळजवळ शून्यच, पण या मॅग्नेटच्या तारा सुपरकंडक्टर, म्हणजे अतिथंडीत करंटला अजिबात न अडवणाऱ्या, त्यांना एवढं पुरतं, तिथे गरम झालं, वितळलं, ठिणगी पेटली आणि हीलियमच्या भांड्याला भोक पडलं. मॅग्नेट थंड ठेवणारं १.९ केल्विनवरचं (उणे २७१ अंश सेल्सिअस) द्रव हीलियम क्षणात वायू होतं, सहा टनांच्या आसपास सुटलं, त्या दाबाने पस्तीस-पस्तीस टनांचे मॅग्नेट पायासकट उखडले. ५३ मॅग्नेट वर काढावे लागले, मशिन पुन्हा चालू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला आणि नंतरची काही वर्षं अर्ध्या-मुर्ध्या ऊर्जेवरच चालवलं, मग २०१३ ला बंद करून सगळे जॉइंट पक्के केले तेव्हा जीव भांड्यात पडला. दाबून कसलं टाकलं, सर्नने स्वतःच सगळा रिपोर्ट बाहेर काढला, फोटोसकट. एका सोल्डरने एवढं नुकसान केलं ही गोष्ट आमच्याकडे नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतात, त्यात दार-बिर काही नाही, आणि खरं सांगू का, माझ्यासाठी सोल्डर दारापेक्षा जास्त भीतीदायक आहे.

"दारात नटराज का?"

कारण तो आपण दिलाय! भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिला, सर्नबरोबरच्या जुन्या कामाची आठवण म्हणून. परक्याने दिलेल्या भेटीवरून गूढ शोधायचं तर ठीक, पण स्वतःच दिलेल्या भेटीवरून आपणच घाबरायचं म्हणजे कमाल आहे.

आणि मामा, मूर्तीशिवाय अजून बरंच काही गेलंय इथून. मोठ्या डायपोलचं फील्ड जिथे थोडं चुकतं तिथे सुधारायला टोकाला छोटे सुपरकंडक्टिंग करेक्टर मॅग्नेट असतात, त्यातले अठराशेच्या आसपास भारतातून गेले, इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली. क्वेंच झाला, म्हणजे सुपरकंडक्टर अचानक साध्या तारेसारखा होऊन तापला, की कॉइल सगळीकडून एकसारखी गरम करून वाचवणाऱ्या हीटरचे पॉवर सप्लाय पण इथलेच. आणि ते पस्तीस टनांचे मॅग्नेट ज्यावर उभे आहेत ते जॅक, सात हजारांच्या घरात, बारीक स्क्रू फिरवून मिलिमीटरच्या लहानशा अंशात मॅग्नेट सरकवता येतो असे, ते पण भारतात बनलेत. चंद्राने खडक फुगवला की मॅग्नेटबरोबर तेही वर-खाली होतात. ग्रुपवर फोटो टाकायचाच असेल तर त्या जॅकचा टाका, मी पाठवतो.