मे महिना आणि माकडटोपी

मे महिन्यात माणसाने आमरस खावा आणि दुपारी पंखा फुल करून आडवं व्हावं, पण आम्ही आपले दोन स्वेटर, वर जॅकेट, त्यावर सासूबाईंनी पाठवलेली माकडटोपी असा जामानिमा करून भल्या पहाटे पॉइंट पीलीला लेक इरीच्या काठी पक्षी बघायला कुडकुडत उभे. कॅनडाच्या मुख्य भूमीचं हे सगळ्यात दक्षिणेचं टोक, नवरा म्हणाला अगं नकाशात रोमच्या रेषेत येतं, तिथे कसली आलीये थंडी! टेम्परेचर 4 डिग्री. रोमकर काय करतात देव जाणे.

यंदा स्प्रिंगला उशीर झालेला, झाडं अजून बोडकी, आणि तळ्याचं पाणी हिवाळ्यातला गारठा सोडायला तयार नाही, त्यामुळे वारा थेट हाडात. आणि आमचे ग्रुप लीडर, एक गोरे आजोबा, चक्क हाफ पँटीत, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद! त्यांचं म्हणणं, वॉर्बलर्स, म्हणजे हे चिमुकले स्थलांतरी पक्षी, रात्रभर उडून तळं ओलांडतात, समोरून गार वारा किंवा पाऊस आला की दमून पहिली जमीन दिसेल तिथे उतरतात, म्हणजे इथेच. वर पानं नसली की लपायला जागा नाही. म्हणजे हवा जितकी भिकार तितकी यांची दिवाळी.

मग सुरू झालं, “तो बघ, तो! वाय आकाराच्या फांदीमागे, वाळलेली नाही, तिच्या मागची, आता खाली, अरे गेला.” मी दुर्बिणीचं चाक फिरवून फांदी सापडवेपर्यंत सगळ्यांचं आहाहा करून झालेलं असायचं. मला फांदी मात्र एकदम क्लिअर दिसली, तिच्यावरची मुंगीसुद्धा.

शेवटी भूक अनावर झाली म्हणून हळूच मेथीच्या पराठ्याची फॉइल उघडली तर त्या शांततेत असा काही आवाज झाला की अख्ख्या ग्रुपच्या दुर्बिणी माझ्यावर! मी तशीच पराठा धरून पुतळा. आणि तेवढ्यात माझ्या बुटाशी वाळूत काहीतरी टुणटुणलं. ब्लॅकबर्नियन वॉर्बलर. थंडीत किडे खालीच असतात, म्हणून हाही खाली आलेला. गळा असा केशरी की नुकताच जिलबीच्या पाकातून काढलाय, वजन जेमतेम 10 ग्रॅम, आणि येतो कुठून तर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजमधून, तेही बिनस्वेटरचा! त्याने एक माशी टिपली, चोच वाळूत पुसली आणि माझ्या लेसवरून उडी मारून पलीकडे. मागे हातभर लांब लेन्सवाली मंडळी धपाधप पोटावर आडवी, आणि मला कुजबुजत दम की हलू नकोस. पराठा गार, हात बधिर, नाकाचा नळ चालू, पण हलायचं नाही.

परत येताना शटलमध्ये सगळे एकदम गप्प गप्प. मला वाटलं दमले असतील. तर आजोबांनी फोनवर फोरकास्ट बघितलेलं, उद्या 18 डिग्री आणि स्वच्छ ऊन, म्हणून सगळे सुतकात.