अंगठा जुळत नाही

काल शेजारच्या मावशींबरोबर गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे देणाऱ्या माणसाकडे गेले होते. पंधराशे रुपये काढायचे होते. मावशींनी पदराला अंगठा पुसून यंत्रावर ठेवला. नाही जुळला. मग दुसरं बोट, तिसरं बोट. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा अंगठा. तीस वर्षं खुरपणी आणि ऊसतोड केलेल्या हातावर रेषा राहणार कुठून? "तालुक्याला जावा मावशी," म्हणत त्याने पुढच्याला बोलावलं.

तालुक्याला जायचं म्हणजे दिवस मोडला. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, खरंय. बुडालेल्या रोजाचं काय?

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली. आज पन्नास कोटींच्या वर खाती आहेत, निम्म्याहून जास्त बायकांची. योजनेला माझा विरोध मुळीच नाही. मावशींच्या स्वतःच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही झालं, ते हे खातं. पासबुक त्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेवतात. पण खातं निघालं की काम झालं, हे मला पटत नाही. आपले पैसे आपल्याच गावात, कुणाच्या हातापाया न पडता मिळायला हवेत.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचंच बघा. बँक काढू पाहणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने परवान्याचा पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरं गिरवून बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचं गणित घाला, तोंडी सोडवतो. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. बँकेत यायचं तर बाईचा रोज बुडतो, हे ओळखून बँकेची माणसंच तिच्या दारात जाऊ लागली.

बोट झिजलं तर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आधारमध्ये आहेच. मग गावातल्या बँक मित्राकडे फक्त अंगठ्याचंच यंत्र का? त्याचं कमिशनही वाढवा, तुटपुंज्या कमाईवर तो तरी किती दिवस दुकान उघडं ठेवेल? आणि प्रत्येक वेळी छापील पावती द्यायलाच हवी. "जुळलं नाही" म्हणून बाईला परत पाठवायचं आणि मागून तिच्या खात्यातली रक्कम काढायची, असेही प्रकार झालेत. वाचता न येणाऱ्या बाईला ते कळणार कसं?

सोमवारी रजा टाकून मावशींबरोबर तालुक्याला जातेय. तुमच्या गावात अंगठ्याशिवाय पैसे मिळत असतील, तर कसे ते मला नक्की कळवा. आमच्या बँक मित्राला दाखवायचंय.