पुण्याहून आलेली पहिली चांगली गोष्ट

आज डबा खाताना एकाने मोबाईल माझ्या पुढ्यात धरला. "बघ, तुझं ब्लॅकबर्न!" रील होतं. भर सामन्यात मैदानावर कोंबडी फिरतेय, तिच्या अंगावर क्लबच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचं फडकं, आणि वर मराठीत ठळक अक्षरं : 'पुणेकरांनी गोऱ्यांचा क्लब घेतला, विषय हार्ड'. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आमचं टेबलही हसलं.

हसण्याचं मला काही नाही. मैदानात कोंबडी शिरली की माणूस हसणारच. पण मग आमच्यातल्या एका शहाण्याने डब्यातला रस्सा पोळीने पुसता पुसता निकाल दिला. "पैसा मालकाचा, मर्जी मालकाची. नाही पटत तर बघू नका. चॅनल बदला ना, कोण अडवतंय?"

तिथे मी काही बोललो नाही. एक तर तो वरिष्ठ आहे, आणि अप्रेझल तोंडावर आलंय. म्हणून आता घरी बसून बोलतोय. पोस्ट मोठी होणार. कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल चॅनल बदलावं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॅकबर्न हे इंग्लंडातल्या लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली ना, तसलं कापड ज्या मुलखातून यायचं तोच हा मुलूख. गिरण्या गेल्या, क्लब राहिला. ब्लॅकबर्न रोव्हर्स, स्थापना १८७५. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांतला एक. आणि १९९५ मध्ये एवढ्याशा गावाचा हा संघ मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग, म्हणजे तिकडच्या फुटबॉलची सगळ्यात वरची पायरी, जिंकला. त्यामागे पैसा होता हे मान्य. पण तो जॅक वॉकरचा होता, आणि वॉकर तिथलाच पोलादवाला, पोरवयापासून याच संघामागे वेडा झालेला. मैदानाबाहेर पुतळा आहे त्याचा. २००० मध्ये तो गेला. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, त्याच्या ट्रस्टने क्लब विकला, २.३ कोटी पौंडांना. घेणारे कोण? वेंकीज. आपल्या पुण्याचे कोंबडीवाले.

मला त्या दिवशी काय अभिमान वाटला होता! खोटं कशाला बोलू, पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

आता माझी गोष्ट सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी प्रोजेक्टसाठी मी मँचेस्टरला होतो. एका शनिवारी व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडी पकडून ब्लॅकबर्नला गेलो. इवुड पार्क हे मैदान. पाऊस पडत होता, म्हणजे आपल्यासारखा धो धो नव्हे, तो तिकडचा किरकिऱ्या पोरासारखा, थांबतही नाही आणि धड कोसळतही नाही. माझ्या शेजारी सत्तरीतले एक आजोबा. गळ्यात निळा-पांढरा मफलर, मांडीवर थर्मास. मध्यंतराला त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतायला घेतला आणि ओतता ओतता विचारलं, "कुठला रे पोरा तू?"

"इंडिया."

"ते दिसतंय. इंडियात कुठे?"

"पुणे."

हात थांबला. चहा झाकणात अर्धाच. परदेशात कुठेही पुणे म्हटलं की पुढे 'मुंबईजवळ' असं जोडावं लागतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. त्या एका गावात लागलं नाही. मागच्या रांगेतल्या दोघांनीही माना वर करून बघितलं. मला काय करावं सुचेना. सॅकमध्ये बाकरवडीचा पुडा होता, घरून कुणाबरोबर तरी आलेला. तो पुढे केला. आजोबांनी एक उचलली, वास घेतला, चावली. मग दुसरी घेतली. आणि म्हणाले, "पुण्याहून आमच्याकडे आलेली ही पहिली चांगली गोष्ट."

मागचे दोघे खो खो हसले. आजोबांनी राहिलेला चहा ओतला आणि झाकण माझ्या हातात दिलं.

त्या माणसाला हे म्हणतात, चॅनल बदल!

काय झालं होतं ते तरी माहीत आहे का? क्लब घेतल्यावर महिन्याच्या आत प्रशिक्षक सॅम अॅलर्डाइसला काढलं. संघ काही तळाला नव्हता, तेरावा होता. त्याच्या जागी स्टीव्ह कीन, ज्याला मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभवच नव्हता. मग ब्राझीलच्या रोनाल्डिन्होला आणणार अशी हवा झाली. तो आला नाही, यायचाही नव्हता. खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये तंगड्या खायला लावणारी जाहिरात मात्र आली. स्वतःच्या दैवताला आपण कुणाच्या जाहिरातीत चिकन खाताना बघू का? हो, बघू म्हणा, आपण काहीही बघतो. ७ मे २०१२ ला विगनकडून घरच्याच मैदानावर १-० असं हरून हा संघ अकरा वर्षांनी प्रीमियर लीगबाहेर गेला. रीलमधली कोंबडी त्या संध्याकाळची आहे. ती कुणी गंमत म्हणून नव्हती सोडली. महिनोन्महिने फलक धरून, घोषणा देऊन घसे बसल्यावर सोडलेली ती कोंबडी होती. (कोंबडीचे हाल झाले, बरोबर नाही, मान्य. प्राणिमित्रांनी कॉमेंटमध्ये त्यावरच घसरू नये.)

पुढच्या एका हंगामात कीन गेला, मग हेनिंग बर्ग आला तो ५७ दिवसांत गेला, मग मायकेल अॅपलटन ६७ दिवसांत. आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा याहून जास्त टिकतो. आणि २०१७ मध्ये, तारीख पुन्हा ७ मेच, हा संघ तिसऱ्या पायरीवर घसरला. प्रीमियर लीग जिंकून तिथवर पडलेला पहिला संघ. पुढच्याच वर्षी वर आला, पण दुसऱ्या पायरीपर्यंतच.

आता तुम्ही म्हणाल, मालकांनी पैसा घातला नाही का? घातला. वर्षानुवर्षं तोटा तेच भरून काढतायत, मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर कुटुंबासारखं क्लब घेण्यासाठीचं कर्ज क्लबच्याच बोकांडी बसवलेलं नाही. तिथून जवळच्याच बरी गावाचा क्लब २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला, तशी वेळ आणली नाही. पुढे तर पैसे तिकडे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागायला लागली, तो वेगळाच घोळ. आणि निषेधाच्या घोषणांत अधूनमधून रंगावर, देशावर जाणारी घाणही असते, ती घाणच. झालं समाधान?

पण पैसा भरला म्हणजे विषय संपतो का? तिथल्या लोकांचं दुखणं साधं आहे. मालक कित्येक वर्षांत मैदानावर दिसलेले नाहीत. घर आपलं म्हणायचं, भाडेकरूंना वर्षानुवर्षं तोंड दाखवायचं नाही, आणि नळ गळतोय म्हटलं की सांगायचं, लाईटबिल तर भरतोय ना!

हे लिहिताना माझाच आवाज चढायला लागलाय, शेजारच्या खोलीतून बायकोने विचारलं कुणाशी भांडतोयस. म्हणून अॅडम व्हार्टनबद्दल शांतपणे लिहितो. ब्लॅकबर्नमध्ये जन्मलेलं पोरगं, सहा वर्षांचा असल्यापासून याच क्लबात. गावातल्या गावात घडलेला असा खेळाडू म्हणजे काय असतं, हे आपल्याकडे कोल्हापूरच्या लोकांना सांगावं लागणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबाला विकला. त्याच उन्हाळ्यात तो युरो स्पर्धेसाठीच्या इंग्लंडच्या संघात होता. छोट्या क्लबांना पोरं विकावीच लागतात, कळतं. पण २०२५ मध्ये महिलांच्या संघालाही दुसऱ्या पायरीवरून माघार घ्यावी लागली, कारण लीगच्या अटींप्रमाणे खर्च करायची तयारी नव्हती. पोरींच्या संघावर असा कितीसा खर्च येतो हो? इथे मात्र मी शांत नाही.

पुन्हा आजोबांकडे येतो. उत्तरार्ध सुरू झाल्यावर त्यांनी मला हळूच सांगितलं, "तू बसलायस ना, ती माझ्या भावाची जागा." मी उठायलाच निघालो, वाटलं भाऊ गेला. तर तसं नाही. भाऊ धडधाकट होता, दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. मालक जाईपर्यंत यांच्या गल्ल्यात एक पैसाही टाकणार नाही, अशी शपथ घालून बसला होता. चाळीस वर्षं दोघे शेजारी शेजारी बसले, आणि आता शनिवारी दुपारी तो घरी रेडिओ लावून बसायचा. आजोबांचं म्हणणं उलटं. "मी आलो नाही तर पोरांना ओरडून सांगणार कोण, की माणूस सोडू नको म्हणून?" यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. नाताळचं जेवणसुद्धा वेगवेगळं.

म्हणजे बघा, मी पुण्याचा, बहिष्कार टाकलेल्या माणसाच्या खुर्चीत तिकीट काढून बसलेलो. आणि त्यांनी मला चहा दिला.

दोघांत बरोबर कोण? मला अजून ठरवता आलेलं नाही. तिथून तासाभराच्या अंतरावर ब्लॅकपूल आहे. तिथले लोक ओयस्टन नावाच्या मालकाविरुद्ध चारेक वर्षं स्वतःच्याच मैदानाकडे फिरकले नाहीत. ऊन-पावसात बाहेर उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लब अखेर त्याच्या हातून गेला, आणि मार्चमध्ये घरच्या पहिल्या सामन्याला मैदान भरलं. मोठी माणसं, आज्या, रडत आत शिरल्या. म्हणजे भाऊही चुकला असं म्हणता येत नाही. जर्मनीत तर २०२४ मध्ये लोकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून फेकून सामने अडवले आणि लीगला गुंतवणूकदार आणायचा बेत गुंडाळावा लागला. पण तिथे क्लबात मतांचं बहुमत सभासदांचं असतं, त्यांचं ठीक आहे. ब्लॅकबर्नच्या आजोबांकडे मत नाही, शेअर नाही. मफलर आहे.

मालक उद्या क्लब विकून मोकळा होईल. प्रशिक्षक नुकसानभरपाई घेऊन जाईल. खेळाडूला पुढचा क्लब मिळेल. आजोबा कुठे जातील? बर्नलीला? बर्नली म्हणजे कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांनी असं समजा, की कोल्हापुरात खंडोबा तालमीच्या माणसाला सांगितलं, आजपासून पाटाकडीलसाठी ओरड. मग काय होतं ते शाहू स्टेडियमवर जाऊन बघा.

आता खरी बोच सांगतो, कारण दुपारपासून तीच सलतेय, त्या शहाण्याचं वाक्य नुसतं निमित्त. आपल्या पुण्यात काय होतं? पुणे एफसी होता. डीएसके शिवाजियन्स होता. एफसी पुणे सिटी होता. २०१५ ते २०१९ एवढ्या काळात तिन्ही बंद. शेवटच्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादने घेतली. दोष कुणाला देत नाही, तोट्याचं गणित प्रत्येकाचं असतं. मी विचारतोय आपल्याबद्दल. कुणी रस्त्यावर उतरलं? एफसी पुणे सिटीच्या चाहत्यांची ऑरेंज आर्मी होती, त्यातली पोरं तेवढी हळहळली. मी स्वतः नारिंगी टी-शर्ट घालून बालेवाडीत घसा फोडला होता, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून दोन-दोन तास घासत गेलो होतो. क्लब गेला तेव्हा मी काय केलं? दोन दिवस स्टेटस ठेवलं. तिसऱ्या दिवशी कबड्डी लावली.

चॅनल बदललं.

म्हणून त्या रीलवर मला हसू येईना. 'विषय हार्ड' म्हणणाऱ्यांना वाटतं आपण जिंकलो, गोऱ्यांचा क्लब आपल्या गावाने घेतला. कुणाचं तरी असं काहीतरी आपण घेतलंय, जसं आपल्याकडे कधी नव्हतंच. आमची कोठेही शाखा नाही, ही पाटी आपण अभिमानाने लावतो ना? त्या क्लबालाही तीच पाटी शोभते. मग आपल्यालाच ते कळू नये?

सामन्याचा निकाल मला आठवत नाही, खरंच. संपत आला तेव्हा आजोबांनी एक प्रश्न विचारला तो आठवतो. समोर बघत, सहज, जसं काही फार महत्त्वाचं नाही.

"तिकडे पुण्यात आमचे सामने बघतात का रे लोक?"

मी म्हटलं, "हो, बघतात की."

त्यांनी मान हलवली. मग उरलेली दहा-बारा मिनिटं ते मला एकेका खेळाडूचं नाव सांगत बसले, हा कुठला, तो कुठून आला, याचा डावा पाय बघ. मला वाटतं, मी ते इथे येऊन सांगावं म्हणून. निघताना त्यांनी सामन्याची पुस्तिका माझ्या हातात कोंबली. "घेऊन जा, दाखव तिकडे."

मी कुणालाही दाखवली नाही. मघाशी कपाटातून शोधून काढली, डब्याच्या पिशवीत टाकलीय. उद्या टेबलावर ठेवणार, अप्रेझलचं व्हायचं ते होवो. मुखपृष्ठावर कोपऱ्यात बाकरवडीच्या तेलाचा डाग आहे. माझ्या बोटाचा की त्यांच्या, ते आता कळायला मार्ग नाही.